उच्चार पाठ, अर्थ दूर: परभाषकांसाठीच्या अरबी पाठ्यपुस्तकांची सुलभता कशी मोजायची?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं कुरुंदा हे गाव मराठी वाचकाला नरहर कुरुंदकरांच्या आडनावातून ठाऊक आहे. कुरुंदकरांचा जन्म १९३२चा. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि वरच्या शिक्षणातही उर्दू, अशी तिथली रीत होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८मध्ये उर्दू माध्यमातून उभं राहिलं. त्यासाठी आधुनिक विषयांची पुस्तकं उर्दूत आणण्याचं काम हैदराबादेतल्या 'दारुत्तर्जुमा' या भाषांतर विभागाने १९१७पासून हाती घेतलं होतं. या विभागाने नवी परिभाषा बहुतांशी अरबी धातूंवर घडवली. भौतिकशास्त्राला 'तबीइयात' हा शब्द रूढ झाला, तर त्रिकोणाला 'मुसल्लस'. वसमत-परभणीकडून शिकायला गेलेला मराठी मुलगा त्रिकोणाची व्याख्या अशी दोन परक्या भाषांच्या चाळणीतून समजून घेत होता. ते पुस्तक त्याला पेलतं की नाही, हे ठरवायला शिक्षकाचा अंदाज एवढाच आधार होता.

आज त्याच भागात हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. घरी दखनी बोलणारं एखादं आठ-नऊ वर्षांचं मूल सकाळी मक्तबात, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या प्राथमिक वर्गात, बसतं. 'नूरानी कायदा' ही अक्षरओळखीची पुस्तिका संपवून ते कुराणाच्या 'नाजरा', म्हणजे पाहून करायच्या, वाचनाला लागलेलं असतं. अरबी ओळ समोर ठेवली, तर जबर-जेर-पेश या स्वरचिन्हांसह ती न अडखळता म्हणतं. ओळीचा अर्थ विचारला, की गप्प होतं. दुपारी तेच मूल उर्दू शाळेत 'मराठी सुलभभारती' उघडतं. बाजारात, बसस्टँडवर, क्रिकेटच्या मैदानात त्याची मराठी अस्खलित असते. पण पुस्तकातलं 'स्वच्छता' किंवा 'प्रात्यक्षिक' आलं, की बोट थांबतं. अरबीत उच्चार येतो आणि अर्थ येत नाही. मराठीत अर्थ येतो, पण अक्षर जुळत नाही. या मुलासाठी कोणतं पुस्तक सोपं म्हणायचं?

पुस्तकाच्या सोपेपणाला मापाची पट्टी लावण्याचा प्रयत्न शंभर वर्षं चालू आहे. अरबीत, आणि विशेषतः अरबी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीच्या पुस्तकांत, हा प्रयत्न कुठवर आला आहे, त्याचा हा आढावा. आधी शब्दाविषयी थोडं. मराठीत 'वाचनीय' हा कौतुकाचा शब्द आहे. वाचावंसं वाटतं ते वाचनीय. इथला विषय वेगळा आहे. मजकूर ठरावीक वाचकाला किती श्रमात समजतो, एवढंच इथे पाहायचं आहे. म्हणून या लेखात 'वाचनसुलभता' हा शब्द वापरला आहे. अरबीत यासाठी 'मकरूइय्या' हा शब्द चालतो.

पट्टीचा जन्म

१९२३ साली बर्था लाइव्हली आणि सिडनी प्रेसी या अमेरिकन अभ्यासकांनी पाठ्यपुस्तकांतलं 'शब्दांचं ओझं' मोजण्याची पद्धत मांडली. निमित्त वर्गातलंच होतं. विज्ञानाची पुस्तकं अवघड शब्दांनी इतकी भरलेली होती, की शिक्षकांचा वेळ विज्ञानाऐवजी शब्दार्थ सांगण्यात जात होता. त्याआधी दोनच वर्षं एडवर्ड थॉर्नडाइक यांनी इंग्रजीतल्या दहा हजार शब्दांची वारंवारितेनुसार यादी छापली होती. ती यादी लाइव्हली-प्रेसींच्या कामी आली.

पुढची पंचवीस-तीस वर्षं सूत्रांची होती. १९४८मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांचं सूत्र आलं. सरासरी वाक्य किती शब्दांचं आणि सरासरी शब्द किती अवयवांचा (सिलॅबलचा), या दोन आकड्यांवर ते उभं आहे. त्याच वर्षी एडगर डेल आणि जीन चॉल यांनी अवयवांऐवजी ओळखीच्या शब्दांच्या यादीचा आधार घेतला. १९५३मध्ये विल्सन टेलर यांनी वेगळाच रस्ता धरला. मजकुरातला दर पाचवा शब्द खोडायचा आणि वाचकाला रिकाम्या जागा भरायला सांगायच्या. जितक्या जागा अचूक भरतील, तितका मजकूर त्या वाचकाला सुलभ. ही 'क्लोझ' चाचणी. जॉन बोरमथ यांच्या अभ्यासानंतर तिचे ढोबळ उंबरठे रूढ झाले: ५७ टक्क्यांच्या वर गुण मिळाले तर वाचक एकट्याने वाचू शकतो, ४४ ते ५७च्या दरम्यान शिक्षकाची मदत लागते आणि त्याखाली पुस्तक झेपत नाही.

परभाषक वाचक या चित्रात लवकरच आला. एडवर्ड फ्राय यांचा प्रसिद्ध आलेख १९६८मध्ये अमेरिकेत गाजला, पण त्याची मुळं युगांडात आहेत. तिथे इंग्रजी परभाषा म्हणून शिकवणाऱ्या शिक्षकांना पुस्तकं निवडता यावीत, म्हणून फ्राय यांनी तो आखायला घेतला होता.

आक्षेपही तितकेच जुने आहेत. १९८२मध्ये अ‍ॅलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कँटर यांनी दाखवून दिलं, की सूत्रात बसवण्यासाठी लांब वाक्यं तोडली, तर 'कारण', 'म्हणून', 'तरी' असे दुवे गळून पडतात. आकडा सुधारतो आणि मजकूर अधिकच कळेनासा होतो. आणखी एक अडचण सरासरीतच आहे. अवघड शब्द एका पानावर दहा वेळा आला, तर सूत्र त्याचं ओझं दहा वेळा धरतं. शिकणारा मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळी तो शब्द आपलासा करतो.

अरबीत पट्टी कुठे अडते

इंग्रजीची पट्टी अरबीला लावताना पहिली अडचण लिपीची येते. छापील अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. क, त, ब ही तीन व्यंजनं लिहिली, की 'कतब' (त्याने लिहिलं), 'कुतिब' (लिहिलं गेलं) आणि 'कुतुब' (पुस्तकं) हे तिन्ही शब्द कागदावर सारखेच दिसतात. 'मुलाने दार उघडलं' हे साधं वाक्य घ्या. स्वरचिन्हांविना लिहिलेलं ते अरबी वाक्य 'मुलाचं दार उघडणं' असंही वाचता येतं. कोणतं वाचन बरोबर, ते पुढचं वाक्य सांगतं. म्हणजे वाचकाला आधी समजावं लागतं आणि मग वाचता येतं. सुरुवात करणाऱ्यापुढे नेमका हाच पेच असतो.

स्वरचिन्हं दिली तर? या चिन्हाला अरबीत 'हरकत' म्हणतात. हा शब्द मराठीत आला तो आक्षेपाच्या अर्थाने. मूळ अर्थ हालचाल. हरकती छापल्या की सुरुवातीच्या वाचकाचं काम हलकं होतं, आणि मोजणाऱ्याचं बिघडू शकतं. १९८४मध्ये अल-हीती यांनी अरबीसाठी मांडलेलं सूत्र अगदी सुटसुटीत आहे: शब्दाची सरासरी लांबी अक्षरांत मोजा, तिला ४.४१४ने गुणा, त्यातून १३.४६८ वजा करा, इयत्ता मिळते. सरासरी शब्द चार अक्षरांचा असेल तर उत्तर ४.१९, म्हणजे चौथी. आता समजा, तोच उतारा हरकतींसह छापला आणि संगणकाने प्रत्येक हरकत एकेक अक्षर म्हणून मोजली. सरासरी सातवर गेली, की उत्तर १७.४३ येतं. मुलांसाठी मुद्दाम सोपी केलेली प्रत सतराव्या इयत्तेत जाऊन बसते. मोजणाऱ्याने हरकती आधी काढून टाकायच्या, की त्यांना सुलभतेचे गुण द्यायचे, हे म्हणूनच आधी ठरवावं लागतं.

दुसरी अडचण शब्दाच्या सीमेची. 'वसयक्तुबूनहा' हा अरबीत एक शब्द आहे. त्यात 'व' म्हणजे आणि, 'स' ही भविष्यकाळाची खूण, 'यक्तुबून' म्हणजे ते लिहितात आणि 'हा' म्हणजे ती वस्तू. अर्थ पूर्ण वाक्याचा: आणि ते ती लिहितील. शब्द मोजणारं यंत्र इथे एक मोजतं. शिकणाऱ्याला चार गाठी सोडवाव्या लागतात. मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. 'शाळेसमोरच्यांनासुद्धा' हाही एकच शब्द आहे, आणि मराठी शिकणारा परदेशी विद्यार्थी अशाच शब्दापाशी शब्दकोश मिटतो.

तिसरी अडचण भाषेच्या दुपदरीपणाची. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९मध्ये 'डायग्लॉसिया' ही संकल्पना मांडताना अरबी हे ठळक उदाहरण घेतलं होतं. अरब मूल घरी एक बोली बोलतं आणि शाळेत लेखी 'फुसहा' शिकतं. एलिनॉर साएग-हद्दाद यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं आहे, की या अंतराचा मुलांच्या वाचनावर परिणाम होतो. मग लेखी अरबीचा 'मूळ भाषक' नेमका कोण, इथपासूनच प्रश्न सुरू होतो.

अरबीतले प्रयत्न

या अडचणी ओळखून केलेलं काम बगदादपासून सुरू होतं. १९७७मध्ये दाऊद यांनी पाच घटक एकत्र घेतले: शब्दाची लांबी, वाक्याची लांबी, शब्दाची वारंवारिता, नामवाक्यांचं प्रमाण आणि निश्चित नामांचं प्रमाण. व्याकरणाला पट्टीत जागा देण्याचा हा लवकरचा प्रयत्न. २०१४मध्ये जॉर्डनच्या शालेय अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांवर 'आरी' हा स्वयंचलित निर्देशांक बेतला गेला. २०१६मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या महमूद अल-हाज आणि पॉल रेसन यांनी 'उस्मान' हे खुलं साधन दिलं. ते आधी मजकुराला हरकती लावून घेतं आणि मग अवयव मोजतं. त्यात 'फसीह' नावाचा एक घटकही आहे. विशिष्ट अक्षरांवरून आणि शेवटांवरून शब्द किती ग्रांथिक आहे, हे तो पकडतो. चाचणीसाठी त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे इंग्रजी-अरबी समांतर दस्तऐवज वापरले.

शब्दांच्या बाजूनेही काम झालं. टिम बकवॉल्टर आणि डिलवर्थ पार्किन्सन यांचा पाच हजार शब्दांचा वारंवारिता-कोश २०११मध्ये आला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबुधाबी शाखेतल्या 'समर' प्रकल्पाने २०२०मध्ये २६ हजारांहून अधिक मूळ शब्दांना पाच पातळ्या दिल्या. इजिप्त, सीरिया आणि सौदी अरेबिया अशा तीन प्रदेशांतल्या भाषा-जाणकारांनी पातळ्या स्वतंत्रपणे ठरवल्या. एका देशात रोजचा असलेला शब्द दुसऱ्या देशात पुस्तकी असू शकतो, याची ही दखल होती.

सर्वांत अलीकडचा टप्पा वाक्यांचा आहे. हनादा ताहा यांनी अरबी बालपुस्तकांसाठी एकोणीस पायऱ्यांची वर्गवारी केली होती. अबजद क्रमातल्या अलिफपासून काफपर्यंतची अक्षरं ही त्या पायऱ्यांची नावं. तिच्या आधाराने २०२५मध्ये 'बारेक' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ६९ हजारांहून अधिक वाक्यं आणि दहा लाखांहून अधिक शब्द आहेत. प्रत्येक वाक्याची पायरी माणसांनी ठरवली आहे आणि त्यावरून यंत्राला शिकवता येतं.

एवढा पसारा पाहिला, की एक गोष्ट लक्षात येते. यातलं बरंचसं काम अरब मुलांना डोळ्यांसमोर ठेवून झालं आहे.

परभाषकासाठी वेगळी पट्टी?

परभाषकांच्या अरबीवरचं मोजमाप प्रामुख्याने अमेरिकेतल्या लष्करी भाषाशाळेच्या साहित्यावर उभं आहे. माँटेरे इथल्या डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूटचे उतारे सरकारी भाषा-पातळ्यांनुसार आधीच लावलेले असतात. संशोधकाला तयार मोजपट्टी मिळते. २०१४मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठात जोनाथन फोर्सिथ यांनी अशा १७९ उताऱ्यांवर यंत्राला पातळी ओळखायला शिकवलं. मोरोक्कोतल्या अभ्यासकांनी, व्हायोलेटा काव्हाली-स्फोर्झा, हिंद सद्दिकी, नावेल नस्सिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही दिशा पुढे नेली. त्यांची एक सूचना शिक्षकांना विशेष जवळची वाटेल: नवा उतारा जगातल्या सरासरी वाचकाशी जुळवू नका, विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात आजवर जे शब्द येऊन गेले आहेत, त्यांच्याशी जुळवा.

या क्षेत्रात आज ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली सूत्रवाद्यांची. लांबीचे आकडे ओबडधोबड असले तरी स्वस्त आहेत, सर्वांना सारखे लागू होतात आणि वाईट पुस्तक वेळीच हेरतात, असं ते म्हणतात. परभाषकांबाबतचा पुरावा दुहेरी आहे. जपानमधल्या इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर जे. डी. ब्राऊन यांनी १९९८मध्ये केलेल्या अभ्यासात जुन्या सूत्रांचा प्रत्यक्ष गुणांशी मेळ माफकच निघाला. जपानमध्येच जेरल्ड ग्रीनफिल्ड यांना मात्र, बोरमथ यांचे उतारे वापरल्यावर, तो बराच चांगला आढळला. निवडलेले उतारे बदलले, की निष्कर्ष बदलतो.

दुसरी भूमिका शब्दसंग्रहाची. बातिया लाउफर यांनी १९८९मध्ये ९५ टक्क्यांचा उंबरठा सुचवला. हू आणि पॉल नेशन यांनी २०००मध्ये आधाराशिवाय वाचायला ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं मांडलं. पहिल्या हिशेबात वीस शब्दांमागे एक अनोळखी शब्द चालतो, दुसऱ्यात पन्नासांमागे एक. अरबीत वाद होतो तो 'ओळखीचा शब्द' कशाला म्हणायचं यावर. 'किताब' माहीत असणाऱ्याला त्याच धातूचे 'कातिब', 'मकतब', 'मकतूब' माहीत आहेत असं धरलं, तर टक्केवारी फुगते. प्रत्येक रूप वेगळं मोजलं, तर ती विनाकारण पडते.

तिसरी भूमिका वाचकाला मध्यभागी ठेवते. पुस्तकाकडे बघून काही कळत नाही, मुलापुढे ठेवा आणि पाहा, असं तिचं सांगणं. क्लोझ चाचणी हे तिचं मुख्य हत्यार. ते अरबीत वापरताना पुन्हा शब्दाची सीमा आडवी येते: पाचवा शब्द 'वसयक्तुबूनहा' निघाला, तर रिकामी जागा एका शब्दाची नसून पूर्ण वाक्याची होते.

चौथी भूमिका यंत्रांची आहे. शेकडो घटक एकाच वेळी तोलून यंत्र माणसाच्या निर्णयाच्या जवळ जातं, आणि वाक्यागणिक पातळी सांगतं. टीकाकारांचा मुद्दा असा, की यंत्र ज्या माणसांचे निर्णय शिकतं, त्यांच्याच डोळ्यांनी पाहतं. ते प्रौढ अरब शिक्षक असतील, तर परक्या मुलाला काय खुपतं हे यंत्रालाही कळणार नाही.

मराठवाड्यातला वाचक

आता हे सगळं आपल्याकडच्या पुस्तकांपाशी आणून पाहू. भारतात अरबी शिकवण्याची एक जुनी आणि अजून चालू असलेली चौकट दर्से निजामीची आहे. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातल्या मुल्ला निजामुद्दीनांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातली सुरुवातीची व्याकरणाची पुस्तकं, 'मीजान', 'नह्व मीर' वगैरे, फारसीत होती. अरबी शिकण्याआधी फारसी यावी, अशी ती पायरी. ज्या काळात फारसी ही शिकल्या-सवरलेल्यांची भाषा होती तेव्हा ती सोपी होती. फारसी मागे पडल्यावर तीच पायरी उंच झाली. पुस्तकाचा एक शब्दही न बदलता त्याची सुलभता बदलली.

विसाव्या शतकात लखनौच्या नदवतुल उलमातल्या अबुल हसन अली नदवी यांनी 'कससुन्नबिय्यीन' ही मुलांसाठीची मालिका लिहिली. थोडे शब्द, छोटी वाक्यं आणि त्याच शब्दांची पुनःपुन्हा गाठ, ही तिची रचना. कोणत्याही सूत्राशिवाय केलेलं हे मोजमापच आहे. तमिळनाडूतल्या वानियंबाडीचे डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांनी मदिनेच्या इस्लामी विद्यापीठासाठी 'दुरूसुल्लुगतिल अरबिया' हे तीन भागांचं पुस्तक तयार केलं. त्याच्या नावातच 'लिगैरिन्नातिकीना बिहा', म्हणजे ही भाषा न बोलणाऱ्यांसाठी, असे शब्द आहेत. सुरुवातीच्या धड्यांत घर, दार, पुस्तक, लेखणी अशी हाताशी असलेली नामं येतात.

याच धड्यापाशी थोडं थांबायला हवं. 'किताब' आणि 'कलम' हे शब्द दखनी बोलणाऱ्या मुलाला जन्मापासून ठाऊक असतात. मराठी बोलणाऱ्या मुलालाही कलम परकं नाही. अमेरिकेत १९९५मध्ये प्रथम निघालेलं आणि तिथल्या विद्यापीठांत रुळलेलं 'अल-किताब' हे पाठ्यपुस्तक उघडणाऱ्या तरुणाला यातलं काहीच ओळखीचं नसतं. एकाच पानावर एकाला बरेच शब्द माहीत असतात, दुसऱ्याला जवळपास एकही नाही.

पण ही ओळख फसवतेही. उर्दूत जुलूस रस्त्यावरून चालतो. अरबीत 'जुलूस' म्हणजे बसणं. 'गरीब' अरबीत परका किंवा विचित्र असतो, त्याच्या खिशात पैसे असोत वा नसोत. 'शराब' कोणतंही पेय. 'जिल्हा' ज्या शब्दापासून आला, त्याचा अर्थ बरगडी किंवा बाजू. असे शब्द शब्दयादीत ओळखीच्या रकान्यात जातात आणि वाक्यात गोंधळ घालतात. मापात त्यांना अधिक धरायचं की उणे, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही.

लिपीचंही तसंच. उर्दू वाचणाऱ्या मुलाला अरबी अक्षरं नवी नाहीत, मात्र त्याचा डोळा तिरप्या नस्तालिकला सरावलेला असतो आणि अरबी पुस्तकं आडव्या नस्खमध्ये असतात. अरबीत वेगळे उच्चार असलेली चार अक्षरं त्याच्या तोंडी एकच 'ज' होतात. व्याकरणात तर उर्दूची मदत फारशी नाही: नामाच्या शेवटी बदलणारा स्वर, द्विवचन, क्रियापदाची साचेबद्ध रूपं हे सारं नवं. शब्द सोपे आणि वाक्य अवघड, असा या मुलाचा नकाशा आहे. लांबी मोजणारं सूत्र नेमकी इथे चूक करतं, कारण अरबी वाक्य जितकं आखूड, तितका त्याचा अर्थ शेवटच्या स्वरावर टेकलेला असू शकतो.

आणखी एक बाब विषयाची आहे. यूसुफची किंवा मूसाची गोष्ट मुलाने घरी आजीकडून ऐकलेली असते. ती अरबीत वाचताना क्लोझ चाचणीत साठ गुण मिळाले, तर त्यातले भाषेचे किती आणि आधीच्या ठाऊक गोष्टीचे किती? हा प्रश्न थोड्या मुलांचा नाही. अक्कलकुव्याच्या जामिया इशाअतुल उलूमसारख्या मोठ्या संस्थांत असोत वा छोट्या मदरशांत, शिकवणाऱ्यांच्या हाती अशी अरबी पुस्तकं आहेत. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातही संस्कृत, पाली, अर्धमागधी, फारसीबरोबर अरबीचा पर्याय आहे. वाचक भरपूर आहेत. वर आलेली मापं मात्र जॉर्डनच्या शाळा, संयुक्त राष्ट्रांचे ठराव आणि अमेरिकन लष्कराचे उतारे यांच्यावर बेतलेली आहेत.

मराठीच्या आरशात

अरबीचा हा अनुभव मराठीलाही लागू पडतो. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. २०२०-२१मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली. बालभारतीची 'सुलभभारती' आणि नववी-दहावीची 'अक्षरभारती' ही पुस्तकं अमराठी माध्यमांच्या मुलांसाठी आहेत. नावातच सुलभतेचं वचन आहे. मात्र ही सुलभता वांद्र्याच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाची वेगळी, वसमतच्या उर्दू शाळेतल्या मुलाची वेगळी आणि तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची आणखी वेगळी असते.

परभाषकांसाठीचं मराठी पुस्तक ही कल्पना जुनी आहे. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी १९७५मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी व्याकरण, कोश आणि पायऱ्यांनी चढणारी वाचनपुस्तकं तयार केली. याच बर्नसनबाईंनी पुढे फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी केली. परदेशी विद्यार्थ्याला मराठी शिकवण्याचा आणि वंचित घरातल्या मराठी मुलाला वाचायला शिकवण्याचा अनुभव त्यांच्या कामात असा एकत्र आला.

मोजमापाच्या बाजूने महत्त्वाचा टप्पा डिसेंबर २०१२मधला. मुंबईत आयआयटीत भरलेल्या 'कोलिंग' परिषदेत खरगपूर आयआयटीच्या मंजिरा सिन्हा आणि सहकाऱ्यांनी बंगाली आणि हिंदीसाठी नवी सूत्रं मांडली. इंग्रजी सूत्रं या भाषांना जशीच्या तशी चालत नाहीत, हे दाखवताना त्यांनी जोडाक्षरांची संख्या हा स्वतंत्र घटक तपासला. बंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासातून दिसलं, की अक्षरांचा पूर्ण संच हाती यायला पहिली-दुसरी पुरत नाही. अनेक वर्षं लागतात. 'स्वच्छता'पाशी थांबलेल्या बोटाचं कारण इथे सापडतं. अरबीत न छापलेली हरकत जे करते, तेच इथे जोडाक्षर करतं: शब्दाच्या लांबीत ते दिसत नाही आणि वाचकाला मात्र अडवतं.

न सुटलेलं

आज स्थिती अशी आहे. शब्द मोजायचा तो कागदावरचा, मूळ रूपातला, की धातूच्या पातळीवरचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हरकतींचा परिणामही वादाचा आहे: सलीम अबू-रबिया यांच्या नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत हरकतींमुळे वाचन अधिक अचूक झालं, तर नंतरच्या काही प्रयोगांत सराईत वाचकाचा वेग त्यांनी मंदावला. कुराणपठणातून हरकतींना सरावलेला, पण अर्थाला नवखा असा वाचक या दोन्ही गटांत बसत नाही. अरब मुलांसाठीच्या एकोणीस पायऱ्या परभाषकांना तशाच लावायच्या, की त्यांच्या पहिल्या भाषेनुसार पायऱ्यांचा क्रम बदलायचा, हा प्रश्न उघडा आहे. आणि माप कशाशी ताडून पाहायचं, शिक्षकांच्या निर्णयाशी, मुलांच्या गुणांशी की वर्षाअखेरच्या प्रगतीशी, हेही ठरलेलं नाही.

यातला काही भाग मोठ्या संगणकाविना तपासता येण्याजोगा आहे. वसमत तालुक्यातल्या एखाद्या उर्दू शाळेतली सातवीची तीस मुलं घ्या. त्यांना अरबीचा एक आणि मराठीचा एक असे अडीचशे शब्दांचे दोन उतारे द्या. विषय दोन्हीकडे अनोळखी हवा, म्हणजे गोष्ट आधीच माहीत असण्याचा लाभ मिळणार नाही. अरबी उतारा अर्ध्या मुलांना हरकतींसह, अर्ध्यांना हरकतींशिवाय. मराठी उतारा अर्ध्यांना जोडाक्षरं कमी करून. आधी मोठ्याने वाचायला सांगून अडखळणं मोजायचं, मग दर पाचवा शब्द गाळलेली प्रत भरायला द्यायची. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार आकडे येतील: दोन उच्चाराचे, दोन अर्थाचे. अरबीत पहिला आकडा चांगला आणि दुसरा कमी, मराठीत उलट, असं जे वर्गात बसल्या बसल्या जाणवतं, ते किती अंशी खरं आहे, हे दोन-तीन तासिकांत वहीवर उतरेल.